ख्वाजाचं ढेकूळ

ढेकूळ फुटलं तेव्हा खड्ड्यापाशी दोघंच होती, बिबीजान आणि तिचे अब्बा.

मजूर न्याहारीला चिंचेखाली गेले होते. चिखलीच्या अलीकडं, नद्यांच्या संगमाच्या वरच्या अंगाला शिवमूर्तीअण्णांचा मळा होता आणि त्या मळ्यात नव्या विहिरीला त्याच सकाळी हात घातला होता. रविवार होता. अब्बा विहिरीचं काम रविवारीच धरायचे. रिंगण आखायचं, कडेकडेनं माती काढत यायचं आणि मधोमध घागरीएवढा गोळा तेवढा उभा ठेवायचा, ही त्यांच्या मुलखाची, पंजाबची रीत. शेवटी तो गोळा खालून अलगद कापून अख्खा उचलायचा. त्याला ते ख्वाजा म्हणत, पाण्याचा रखवाला जो ख्वाजा खिज्र, त्याच्या नावानं. गोळा सबंध निघाला की गूळ वाटायचा, गोळा फडक्यात बांधून जपायचा आणि विहिरीला पाणी लागलं की त्या पाण्यात सोडायचा. आणि फुटला, तर हत्यारं खांद्यावर टाकून निघायचं. आठवडा जाऊ द्यायचा, दुसरी जागा बघायची. त्यात हुज्जत नव्हती.

अब्बांनी खोऱ्याचं पातं गोळ्याखाली सारलं, दोन्ही तळव्यांवर गोळा तोलून घेतला, आणि उभं राहता राहता तो मधोमध उकलला. आवाजसुद्धा झाला नाही. आतली माती राखेसारखी कोरडी होती.

अब्बा तसेच उकिडवे बसले. बिबीजानला वाटलं, आता म्हणतील, चल, आवर. पण त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, दोन्ही अर्धी एकमेकांना लावली आणि चूल सारवावी तसा ओला अंगठा फटीवरून फिरवला. फट बुजली. मग त्यांनी वर पाहिलं. ती काठावर उभी होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं.

"गूळ काढ, पुत्तर," ते म्हणाले. मुलगी असली तरी त्यांच्याकडं पुत्तरच म्हणतात.

मजूर परत आले. आकाराम सगळ्यांच्या पुढं. तोंड चालल्याशिवाय त्याचे हात चालत नसत.

"काय मिस्त्री, निघाला का तुमचा देव धडधाकट?"

"निघाला."

"मग आना की गूळ हिकडं! बिबीजानक्का, मोठा खडा द्या. देव तुमचा असंल, पर खड्डा आमी खणलाय."

सगळे हसले. बिबीजाननं गूळ वाटला, एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला. अब्बांना खोटं बोलताना ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती.

करमदीन मिस्त्रींचं गाव चिनाब नदीच्या काठी, वजिराबादेजवळ. कृष्णेवर रेल्वेचा पूल बांधायचा होता तेव्हा पाण्यात बुडी मारून पाया खोदणारी माणसं तिकडून आणली, त्यांत ते आले. पूल झाला, सोबतचे परतले, हे राहिले. कोल्हापुरातल्या सलमाशी निकाह लागला आणि विहिरी खोदता खोदता डोकं पांढरं झालं. कोल्हापुरात पंजाबी म्हटला की तो पैलवानच असायचा. महाराजांनी तिकडचे मल्ल आणून पोसले होते, खासबागेत त्यांच्या कुस्त्यांना माणूस मावत नसे. त्यामुळं लोक अब्बांना तोंडावर विचारत, "पंजाबातनं आलायसा आनि लांग चढवत न्हाई? मग आलायसा कशाला पावणं?"

अब्बा म्हणायचे, "माझा जलम खालीच गेलाय. मला आनि कोन पाडणार?"

त्यांची विहीर बघायला लोक लांबून येत. इथं आधी खणतात आणि मग खालून वर बांधत येतात. अब्बांचं उलटं. ते बाभळीच्या लाकडाचं जाडजूड कडं खड्ड्यात बसवायचे, त्यावर विटांची गोल भिंत रचायचे, आणि आत उतरून कड्याखालची माती काढत राहायचे. माती निघेल तशी सगळी भिंत आपल्याच वजनानं खाली सरकायची. वरून पुन्हा विटा चढवायच्या. पाणी लागलं की दम कोंडून बुडी मारायची आणि झाम नावाच्या मोठ्या फावड्यानं तळाची वाळू ओढायची. नदीकाठच्या मऊ जमिनीत हे काम लोण्यासारखं चाले.

"घर बांधायचं आनि जित्तं पुरायचं," आकाराम म्हणायचा. "बेस हाय तुमची रीत."

बुडी मारताना कमरेला दोर असे. एक हिसका म्हणजे दोर सोड, दोन म्हणजे ओढ. दोराचं दुसरं टोक अब्बा रक्ताच्या माणसाच्याच हातात देत. परक्याला दोराचं वजन कळतं, आपल्याला माणसाचं कळतं, असं त्यांचं म्हणणं. मुलगा नव्हता. बिबीजानचा नवरा पलटणीबरोबर बसऱ्याला गेला तो परत आला नाही, ती माहेरी आली आणि तेव्हापासून दोर तिच्याकडं आला. बाईमाणूस विहिरीच्या कामावर, म्हणून लोकांनी आधी नाकं मुरडली, मग सवय झाली. आता तिला दोरातून सगळं कळायचं. अब्बा झाम लावतायत, अब्बांचा दम संपत आलाय, आता दोन हिसके येणार. हिसके यायच्या आधीच तिचे हात आवळलेले असत.

गेल्या आश्विनात ताप आला आणि घरोघरची माणसं घेऊन गेला. त्यात आई गेली. त्याच साली पाऊसही वरवर शिंपडून गेला होता. फाल्गुनातच नदीचे डोह तेवढे उरले, तेही हिरवे. आईचं चाळीसावं झालं त्याच दिवशी अब्बा म्हणाले होते, "आता हितं आपलं कोन हाय, बिबी? चल, तुला चिनाब दावतो. आमचं पानी तोंडात घेतलं की दात ठणकत्यात. बर्फाचं पानी." शिवमूर्तीअण्णा विहिरीसाठी विचारायला आले तेव्हा अब्बांनी कबूल केलं, पण ही शेवटची, म्हणून सांगितलं. ही झाली की ते आणि मुलगी पंजाबला जाणार.

म्हणून ते चिकटवलेलं ढेकूळ बिबीजानच्या मनातून जाईना. शेवटच्याच विहिरीला असं का?

विहीर चांगली सरकत होती. काळी माती गेली, पिवळी लागली, मग ओलसर रेती, मग पाणी, कमरेइतकं होता होता डोक्यावर. पण ते गढूळ, वाशेळं होतं. अब्बांनी ओंजळीत घेऊन हुंगलं आणि टाकून दिलं. नव्या विहिरीचा पहिला घोट खोदणाऱ्यानं घ्यायचा. तो गोड आहे म्हणाला की मगच गावानं घागर बुडवायची. ही रीत त्यांनी इथल्या गावांनाही लावली होती. अजून ते पाणी आलं नव्हतं.

एका दुपारी शिवमूर्तीअण्णा पेठेतून आले ते घोड्यावरून उतरताच म्हणाले, "मिस्त्री, जरा वर येता का?"

अण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे, गुळाचे व्यापारी. मोजकं बोलणारे.

"तुमच्या मुलखात वंगाळ चाललंय म्हणं. अमृतसरात सरकारनं गोळ्या घातल्या. मानसं बागंत कोंडून."

अब्बा अंगावरचं पाणी निथळत उभे होते. "कोन म्हनालं?"

"मुंबईचा दलाल आलाय पेठंत. आनि ते कुठलं गाव, गुजरांवाला, तिथं विमानातनं बॉम्ब टाकलं म्हंतोय. गाड्या बंद, तारा बंद. बातमी छापू देत न्हाईत, पेपरात मोकळ्या जागा सोडल्यात."

"विमानातनं म्हंजे वरनं?" आकारामनं विचारलं. "आनि मग खालचा मानूस करतोय काय?"



"गुजरांवाला आमच्या अंगणातच म्हना की," अब्बा म्हणाले. "माझी भन हाय तिथं."

एवढंच बोलून ते पुन्हा खाली उतरले. त्या दिवशी त्यांची प्रत्येक बुडी लांबली. बिबीजानच्या हातात दोर होता आणि दोरातून तिला काही कळत नव्हतं, तळाशी कुणी नुसतंच बसून राहावं तसा तो सैल लोंबत होता.

दिवेलागणीला झोपडीपुढं भाकरी थापताना तिनं विषय काढला.

"ढेकूळ फुटलंतं, अब्बा."

"ठावं हाय मला."

"मग?"

 अब्बा संगमाकडं तोंड करून बसले होते. ते म्हणाले, "हितल्या नद्या मोज."

"कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती."

"चार झाल्या."

"पाचवी सरस्वती. ती दिसत न्हाई. भुईखालनं येती म्हंत्यात."

"आमच्या पाची दिसत्यात. झेलम, चिनाब, रावी, बियास, सतलज. ल्हान पोराला इचारा, बोटांवर दावील. मी हितं आलो तवा तुझी आई म्हनाली, आमच्यातबी पाच हायती. मी मोजल्या आनि म्हनलं, एक कमी हाय. जलमभर तिला चिडवलं." ते हसले, पण ते हसू तोंडापर्यंतच आलं. "ती हाय, बिबी. ह्या विहिरीखाली हाय. काल झामात वाळू आली, चकाकणारी, आमच्या चिनाबची असती तशी. वरचं हे घाण पानी तिचं न्हवं. ती खाली वाहत्याय."

"अब्बा, तुमीच सांगायचा, फुटलं की जागा बदलायची."

"बदलतो की," ते म्हणाले. "कुठली जागा, सांग. जायाची हुती ती तर बंद झाली."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. ती करपेपर्यंत तिला उलटायची आठवण झाली नाही.

पुढच्या दिवसांत विहीर अडली. भिंत एका बाजूनं सरकायची थांबली आणि दुसरी बाजू बोटभर खाली गेली. ओळंबा सोडला तो तळाशी भिंतीला जाऊन टेकला. अब्बांनी भिंतीवर दगडांची पोती चढवून भार वाढवला. भिंत करकरली, पण सरळ होईना. कड्याखाली उगवतीच्या अंगाला काहीतरी आडवं आलं होतं.

अब्बा बुडी मारून हातानं चाचपून आले. "बुंधा हाय. जुना. पुरात वाहत आलेला. गोल, गुळगुळीत."

"मिस्त्री, बुंधा कशाचा? दगुड असंल," आकाराम म्हणाला. आज तो चेष्टा करत नव्हता. "हितं खाली समदा काळा दगुड हाय. नदीनं घासलेला धोंडा गुळगुळीतच असतोय की."

"नदीकाठाला दगड? आमच्याकडं हयात घालवा खणण्यात, खडा घावत न्हाई. आडवं येतंय ते झाड."

"ते तुमच्याकडं, मिस्त्री. ह्ये कोल्हापूर हाय."

अब्बांनी ऐकलं नाही. झाड असेल तर कड्याखालची वाळू काढून त्याचं टोक मोकळं करायचं आणि छिन्नीनं तोडायचं, ते त्यांनी आयुष्यभर केलेलं काम. पण धोंडा असेल, तर वाळू काढल्यावर काय होईल हे बिबीजानलाही कळत होतं. एका धोंड्यावर रेललेली ती सगळी भिंत त्यावरून निसटून पडेल, आणि अब्बा तिच्या खाली असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मळ्यातल्या घरी गेली. शिवमूर्तीअण्णांची आई चन्नम्मा ओट्यावर जोंधळे निवडत होती.

"अव्वा, काम थांबवायला सांगा अण्णांस्नी."

"का ग यव्वा? काय झालं?"

बिबीजाननं सांगितलं. ढेकूळ, फट, अंगठा, गूळ. सांगताना आपण अब्बांचं काहीतरी उघड्यावर टाकतोय, असं तिला वाटत होतं, तरी ती थांबली नाही. म्हातारीचा हात सुपातच राहिला.

"गूळ म्याबी खाल्ला की ग," ती म्हणाली आणि तिनं अण्णांना हाक मारली.

अण्णा विहिरीवर आले तेव्हा अब्बा कमरेला दोर बांधत होते. टोक बिबीजानच्या हातात द्यायला त्यांनी हात पुढं केला होता.

"मिस्त्री, ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले. "तुमच्या रीतीत बसत न्हाई ते माझ्या मळ्यात कशाला? वाकडी तर वाकडी. पुढच्या साली बघू."

"कोन काय म्हनालं?"

अण्णांनी बिबीजानकडं बघायचं टाळलं, आणि त्यातूनच सगळं सांगून झालं.

अब्बांनी मान हलवली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "अण्णा, जलमभर खाली गेलो, एक विहीर वाकडी ठेवली न्हाई. शेवटची ठिऊ? लोक म्हंतील, पंजाबी पळाला. आनि पळून जानार कुठं, त्ये तर तुमीच सांगितलंसा."

मग त्यांनी दोराचं टोक तिच्यापुढून काढून घेतलं.

"आज आकाराम धरंल."

"मिस्त्री, मला न्हाई जमायचं..."

"धर. एकाला सोड, दोनाला वढ. लई इद्या न्हाई त्यात."

"अब्बा, मी धरते."

"तू चिंचंखाली जा, बिबी."

ती गेली नाही. आकारामच्या मागं उभी राहिली. अब्बांनी भिंतीच्या उगवतीकडच्या कडेवर बसून डोळे मिटले, काहीतरी पुटपुटत श्वास भरला आणि ते गढूळ पाण्यात गेले. बुडबुडे आले, विरले. आकाराम दोर दोन्ही मुठींत घट्ट आवळून उभा होता. इतका घट्ट, की तळाशी दोराला हिसका बसला तरी तो आवळलेल्या मुठींतच जिरावा.

"सैल धरा," ती म्हणाली.

"सैल धरला तर सुटंल की."

दोराला एक थरथर आली. बिबीजानला ती डोळ्यांनी दिसली. तिच्या हातात असती तर तिला कळलं असतं. ते ओढ म्हणत होते की सोड म्हणत होते, हे तिला पुढं कधीच ठरवता आलं नाही.

"वढा!"

"दोन न्हाई बसलं अजून..."

तिनं आकारामच्या हातांवर हात टाकले. तेवढ्यात भिंत बोलली. जड दरवाजा उंबऱ्यावरून घासावा तसा आवाज झाला, पोती आत कोसळली, आणि विटांचं ते सगळं उभं घर एका झटक्यात खाली गेलं. ओळंबा हलला, झुलला आणि सरळ लोंबू लागला. तळातून वाळू उकळल्यासारखी वर आली आणि तिच्यामागून पाणी. दोर आकारामच्या हातात आला तो नुसता दोरच होता.

पाणी बघता बघता पुरुषभर चढलं. लगेच ते निवळलंही. 

दुसऱ्या दिवशी संगमावरच्या नावाड्यांनी विहिरीत बुड्या मारून अब्बांना वर काढलं. त्यांच्या मुठीत चकाकणारी वाळू होती. कोल्हापूरच्या कबरस्तानात सलमाच्या शेजारी त्यांना ठेवलं.

माणूस गेलेलं पाणी म्हणून अण्णांनी मोट लावून विहीर उपसायला घेतली. बैल थकले, पाणी हटेना. उपसावं तेवढं भरायचं. उपसलेलं पाणी पाटातून नदीच्या कोरड्या पात्रात जात होतं आणि बाया बांधावर रिकाम्या घागरी घेऊन ते बघत होत्या. डोह संपले होते. तरी कुणी घागर बुडवली नाही. पहिला घोट मिस्त्रीचा असतो, हे त्यांना मिस्त्रींनीच शिकवलं होतं.

चन्नम्मा कोल्हापूरला बिबीजानच्या घरी आली. दारातच बसली.

"तुझ्याफुडं हे मागायला मला तोंड न्हाई, यव्वा. पर दुसरं कोन हाय त्याच्या रक्ताचं?"

 बिबीजान उठली आणि तिनं ओढणी घेतली.

मळ्यातल्या झोपडीत ख्वाजाचं गाठोडं आढ्याला तसंच टांगलेलं होतं. तिनं फडकं सोडलं. माती वाळली होती आणि अंगठ्यानं सारवलेली रेघ पुन्हा फाटली होती. दोन अर्धी वेगवेगळी तिच्या ओंजळीत आली. त्या फटीच्या काठावर अंगठ्याची खूण अजून दिसत होती.

विहिरीच्या काठावर बसून तिनं आधी एक अर्धं पाण्यात सोडलं, मग दुसरं. ती लगेच विरघळली नाहीत. खाली जाताना खूप वेळ दिसत राहिली. पाणी तेवढं निर्मळ होतं.

मागं बाया उभ्या होत्या, पोरं कडेवर. आकाराम लांब बांधावर बसला होता, हाताला चिंध्या बांधून. त्या दिवसापासून तो कुणाशी बोलला नव्हता.

तिनं पोहऱ्यानं पाणी वर ओढलं आणि ओंजळ भरली. वैशाखाच्या उन्हात ते पाणी इतकं थंड होतं, की बोटं आखडली. तिनं घोट घेतला. तो दातांना लागला आणि दात मुळापासून ठणकले. तसाच तो तिनं तोंडात धरून ठेवला. गिळायला वेळ लागला. बाया वाट बघत होत्या.

"गोड हाय," ती म्हणाली. "भरा."

एकदम गलका झाला. घागरी, दोर, हाका. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, पाचवी लागली ग, सरस्वती लागली. दुसरीनं हात जोडले. बिबीजान कडेला सरकून उभी राहिली.

भिंत सरळ होती. ओळंब्याला सरळ होती, तिनं स्वतः पाहिलं होतं. तरी घागर टेकताना एकेक बाई नकळत पलीकडच्या अंगाला जात होती. उगवतीकडच्या काठावर कुणीच पाय ठेवत नव्हतं.